प्रतवारी

नालियाका, तू शनिवारी बुंगोमाची बस धरलीस,
नर्सिंगच्या शाळेचं पत्र छातीशी धरून,
आणि जाताना सितुमाला म्हणालीस, "येते हं उद्या."
त्याने ते खरं मानलंय.
दाराशी बसून असतो.

मला एक रविवार होता.
सोमवारी पहाटे सहाला पॅकहाउसचं फाटक लागतं.
फेब्रुवारी तोंडावर; परदेशात म्हणे
सगळ्यांचं प्रेम एकाच दिवशी उतू जातं,
आणि ते सगळं नैवाशाच्या तळ्याकाठून जातं,
आमच्या हातांतून, बर्फात बांधून.

सात वर्षं मी गुलाबांची प्रतवारी करते.
देठ पट्टीला लावायचा: चाळीस, पन्नास, साठ.
कळी अंगठ्याने अलगद दाबायची,
आतून कुजकी असेल तर बोटाला आधी कळतं,
डोळ्याला मागाहून.
म्हटलं, तेच तर करायचंय.

पहिलं घर रस्त्यालगत. भिंतीवर रंगवलेला जिराफ,
फरशी अशी लख्ख की मी चपला हातात घेतल्या.
एकवीस मुलं, चटईवर ओळीने,
सकाळचे साडेदहा, आणि एकही जागं नाही.
"शहाणी आहेत हो," बाई म्हणाली.
खिडकीत खोकल्याच्या औषधाची बाटली
आणि एकच चमचा, चिकट.
नालियाका, एकवीस मुलांना एकदम खोकला होत नाही.
मी सितुमाला कडेवरून उतरवलंच नाही.

दुसरं चर्चच्या आवारात. तिथे सगळं बरं होतं,
घसरगुंडी, हात धुवायला नळ, बुधवारी उकडलेलं अंडं.
फाटक आठला उघडतं.
"साडेपाचला कुणी असतं का?" मी विचारलं.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं
जसं मी आखूड देठाकडे पाहते.
राग नाही. फक्त दुसरी बादली.

तिसरी वांगेची, आमच्याच मागच्या रांगेत, पत्र्याच्या खोलीत.
पाठीला एक बांधलेलं, पायाला एक बिलगलेलं,
खांद्यावर कुणाच्या तरी पोराचा शेंबूड वाळलेला.
कोपऱ्यात शेगडी, पेटती, मुलांच्या हाताला येईल अशी.
मी तिथूनच मागे फिरणार होते.
पण ती उकिडवी बसली, सितुमाएवढी झाली,
त्याच्याकडेच बघत मला म्हणाली,
"हा कशाला भितो?"

हे कुणीच विचारलं नव्हतं.
वय विचारलं होतं, पैसे, शी सांगतो का, बाप आहे का.
मला पटकन आठवेना.
त्याचं भय मला ठाऊकच नाही,
की ते तुझ्याबरोबर बसमध्ये गेलं?
"पाण्याच्या टँकरचा भोंगा," शेवटी म्हटलं.
"मग तो आला की कान झाकू."
"आणि शेगडी?"
"जाळी घ्यायला पैसे नाहीत गं."

रात्री हरितगृहातली टाकाऊ तार वाकवून
मी शेगडीभोवती कुंपण घातलं.
अजून हलतं ते. मलाही माहीत आहे.

सोमवारी तो रडला नाही.
वळणापर्यंत मी तीनदा मागे पाहिलं,
त्याने एकदाही नाही.
दिवसभर साठचे देठ चाळीसच्या बादलीत गेले,
किप्तूने दोनदा टोकलं.

संध्याकाळी केसांना दुसऱ्याच चुलीचा वास,
कपाळावर बारीकसा ओरखडा
(मी बघायच्या आधी तिनेच दाखवला).
घरात शिरताच हात पसरून म्हणाला, "माई!"
आपल्या बोलीत पहिल्यांदा, आणि मला!
मी उचलून घट्ट धरला.
तो पाय झाडत राहिला, पिवळ्या कॅनकडे बोट करून,
माई, माई,
तेव्हा उमगलं:
वांगेचीच्या भाषेत पाण्याला माई म्हणतात.

मी पेला भरला.
घटाघटा प्यायला, तोंड माझ्याच बाहीला पुसलं,
आणि पुन्हा दाराशी जाऊन बसला.